ताटात डोकावून पाहणारी डॉक्टर

आपल्याकडे एखाद्या बाईला दिवस गेले आणि तिनं सरकारी दवाखान्यात नाव घातलं, की तिच्या हातात लाल गोळ्यांची पाकिटं पडतात. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या या गोळ्या. रोज एक, निदान १८० दिवस. लोहाचं नाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लोखंडी कढईत भाजी करावी, गूळ-शेंगदाणे खावेत, हे आपल्या आज्याही सांगत आल्या. पण त्याच गोळीतलं ते दुसरं, फॉलिक ॲसिड? ते कुठून आलं? कुणाला सुचलं की पोटुशी बाईला ते हवंच?

मैत्रिणींनो, ही गोष्ट लंडन-अमेरिकेत नाही, आपल्या मुंबईत सुरू होते, परळला. आणि ज्यांच्यामुळे ती सुरू झाली त्या होत्या इंग्लंडहून आलेल्या डॉ. ल्युसी विल्स.

ल्युसीचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड गावचा. घर खाऊनपिऊन सुखी. वडील विज्ञानाचे पदवीधर, घरचा धंदा धारदार हत्यारं बनवण्याचा. आईचे वडील डॉक्टर. एक भाऊ, लिओनार्ड, पुढे भूगर्भशास्त्राचा नावाजलेला प्राध्यापक झाला. दगड, झाडं, पानं गोळा करायची, नीट बघायची, ही सवय या घरातल्या मुलांना लहानपणापासूनची. मुलगी आहे म्हणून ल्युसीला त्यातून कुणी वगळलं नाही, ही त्या काळात मोठीच गोष्ट!

शिक्षण चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये झालं. मुलींना गणित आणि विज्ञान नेटानं शिकवणाऱ्या इंग्लंडमधल्या पहिल्या शाळांपैकी ही एक. तिथून १९०७ मध्ये ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली. विषय घेतले वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ मध्ये परीक्षा पास झाली, पण पदवी काही मिळाली नाही. का? तर केंब्रिज त्या वेळी बायकांना पदवीच देत नसे! अभ्यास करा, परीक्षा द्या, पास व्हा, पण पदवी मागू नका, असा तो न्याय. केंब्रिजमध्ये बायकांना रीतसर पदव्या मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. तोवर आपली ल्युसी साठीला टेकली होती.

पुढची काही वर्षं तिला जड गेली. १९११ मध्येच वडील गेले. १९१३ मध्ये थोरली बहीण एडिथ गेली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. आईला घेऊन ल्युसी सिलोनला जाऊन आली. १९१४ मध्ये धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेली. कॉलेजातली मैत्रीण मार्गारेट ह्यूम तिथं वनस्पतिशास्त्र शिकवत होती. दोघींना मानसशास्त्राची गोडी लागली होती, फ्रॉइडच्या विचारांवर चर्चा चालत. तेवढ्यात ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. भाऊ तिथंच सैन्यात भरती झाला. ल्युसीनं केपटाऊनच्या एका इस्पितळात काही दिवस स्वयंसेविका म्हणून शुश्रूषेचं काम केलं आणि वर्ष संपता संपता मैत्रिणीसोबत ती मायदेशी परतली. जानेवारी १९१५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तिनं पुन्हा पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली. या वेळी डॉक्टरकी.

ज्या कॉलेजात तिनं नाव घातलं, ते लंडनचं स्त्रियांसाठीचं वैद्यकीय महाविद्यालय. आपला आणि या कॉलेजचा धागा जुना आहे. बालपणीचं लग्न नाकारून कोर्टात उभी राहिलेली आपली रखमाबाई याच कॉलेजातून १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतली होती. ल्युसी शिकत होती त्या वर्षांत तिथं हिंदुस्थानातल्या मुली बऱ्याच होत्या. त्यातल्याच एक डॉ. जेरुशा झिराड. बेने इस्रायल समाजातल्या, मुंबईत वैद्यकीचे पहिले धडे घेतलेल्या. झिराड १९१९ मध्ये लंडनची प्रसूतिशास्त्रातली एम.डी. झाल्या आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत त्यांनी मुंबईचं कामा हॉस्पिटल सांभाळलं. मुंबई शहरातले बाळंतिणींचे मृत्यू कशानं होतात याचा त्यांनी केलेला अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे हिंदुस्थानातल्या बायकांचं दुखणं काय असतं, हे ल्युसीच्या कानावर कॉलेजातच पडलं असलं तर नवल नाही.

डिसेंबर १९२० मध्ये ल्युसी डॉक्टर झाली. वय बत्तीस. पण दवाखाना थाटून बसणं हा तिचा पिंडच नव्हता. रॉयल फ्री हॉस्पिटलात ती शिकवू लागली आणि गरोदरपणात शरीरात काय काय बदल होतात यावर संशोधन करू लागली. तिच्या या कामाची कीर्ती हिंदुस्थानात काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्यापर्यंत पोचली. बाल्फोरबाईंनी आयुष्य हिंदुस्थानातल्या बायकांच्या आरोग्यासाठी घातलेलं. बाळंतपणात बायका एवढ्या का मरतात, याची चौकशी त्या वेळी इथं सुरू होती. तिच्यात एका दुखण्याचं कोडं कुणाला उलगडत नव्हतं. ते सोडवायला त्यांनी ल्युसी विल्स यांना बोलावून घेतलं. १९२८ साली, चाळिशीत, डॉ. विल्स मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागल्या.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. गिरणगाव ऐन भरात. गिरण्यांमध्ये हजारो बायका काम करत होत्या. दिवसभर खात्यात उभं राहायचं, घरी येऊन चूल, पोरं, पाणी. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं. बाळंतपणाची रजा हा शब्दसुद्धा नवा होता. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. कायदा झाला १९२९ मध्ये. त्याच दिवसांत डॉ. विल्स या शहरातल्या गरोदर बायकांचं रक्त तपासत होत्या.

आता ते दुखणं काय होतं ते समजून घेऊ. बाईला पाचवा-सहावा महिना लागला की ती पांढरीफटक पडू लागे. जिना चढताना धाप, पायांवर सूज, जिभेची आग. काहींची तब्येत इतकी उतरे, की बाळंतपणाच्या आधी नाहीतर नंतर ती दगावे. अंगात रक्त नाही, एवढंच घरचे म्हणत. लोह देऊन पाहिलं तरी काही बायकांना उतार पडत नसे. आणि सूक्ष्मदर्शकाखाली या बायकांचं रक्त पाहिलं, की एक विचित्र गोष्ट दिसे. तांबड्या पेशी कमी होत्या, पण होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या!

हे असं का होतं? आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो. तिथं रक्ताच्या सगळ्या पेशी जन्माला येतात. सुरुवातीला त्या एकसारख्या असतात, आणि मग जणू वर्ग पडतात, काही तांबड्या होतात, काही पांढऱ्या, काहींपासून रक्त गोठवणारे कण तयार होतात. तांबडी पेशी होणारी पेशी आधी भराभर विभागत जाते, एकाच्या दोन, दोनाच्या चार. मग तिच्यात हिमोग्लोबिन नावाचं तांबडं प्रथिन भरतं, शेवटी ती आपलं केंद्रक टाकून देते आणि रक्तात उतरते. तिचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. म्हणजे जुन्या पेशी मरत राहणार आणि शरीराला दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी करत राहावं लागणार. गरोदर बाईच्या अंगात तर हे काम आणखी वाढतं. तिचं रक्त वाढतं, शिवाय आत बाळाच्या पेशीही भराभर वाढत असतात.

आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. कणीक मळून ठेवली आहे, पण लाट्या पाडायला कुणी नाही. गोळा नुसता मोठा होतो, पोळ्या काही होत नाहीत. फॉलिक ॲसिड कमी पडलं की मगजात अगदी हेच होतं. पेशीनं विभागायचं तर आधी आतल्या गुणसूत्रांची, म्हणजे डीएनएची, दुसरी प्रत काढावी लागते. त्या कामाला फॉलिक ॲसिड लागतं. ते नसलं की पेशी वाढते, फुगते, पण विभागत नाही. अर्धवट वाढलेल्या कित्येक पेशी मगजातच मरून जातात, आणि ज्या बाहेर येतात त्या थोड्या आणि थोराड. याउलट लोह कमी असलं तर लाट्या पडतात, पण लहान आणि फिकट. दोन्ही बायकांना आपण रक्त कमी आहे असंच म्हणणार, पण दोघींची उणीव वेगळी.

हे आज आपल्याला माहीत आहे. १९२८ मध्ये ते कुणालाच माहीत नव्हतं. फॉलिक ॲसिड हे नावदेखील जन्मलं नव्हतं.

मोठ्या पेशींचा एक जीवघेणा पंडुरोग मात्र तेव्हा डॉक्टरांना ठाऊक होता. १९२६ मध्ये अमेरिकेत मिनॉट आणि मर्फी यांनी दाखवून दिलं होतं, की त्याच्या रोग्यांना रोज भरपूर यकृत, म्हणजे आपली कलेजी, खायला दिली तर ते बरे होतात. या कामाबद्दल त्यांना आणि व्हिपल यांना १९३४ मध्ये नोबेल मिळालं. मुंबईच्या बायकांचं दुखणंही तेच असावं असा सर्वसाधारण समज होता. डॉ. विल्स यांनी तो तसाच मान्य केला नाही. त्यांनी बायका नीट तपासल्या. त्या जुन्या रोगात रोग्याच्या जठरात आम्ल तयार होत नाही, या बायकांच्या जठरात ते होत होतं. म्हणजे हा रोग वेगळा!

मग त्यांनी जे केलं, ते मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात सर्वांत मोलाचं वाटतं. त्या बायकांच्या ताटात डोकावल्या. कोण काय खातं, किती खातं, भाजी कधी, दूध किती, डाळ किती, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारून विचारून नोंदवलं. त्यांच्या शोधनिबंधांवर मेहता, तळपदे, बिलिमोरिया अशी आपल्या मुंबईतली नावं त्यांच्या नावाशेजारी छापलेली आहेत. तळपदे यांच्याबरोबरचा १९३० चा निबंध तर मुंबईच्या बायकांचा आहार आणि राहणी यांच्यावरच आहे. निरनिराळ्या समाजांतल्या, निरनिराळ्या ऐपतीच्या बायकांची तुलना केल्यावर चित्र स्पष्ट दिसू लागलं. ज्यांच्या जेवणात सर्वांत जास्त उणिवा, त्यांच्यात हा पंडुरोग सर्वांत जास्त. त्यात गरीब मुसलमान बायकांची स्थिती सगळ्यांत वाईट होती.

पण तर्क झाला म्हणजे पुरावा झाला असं नाही. १९२९ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर त्या निलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मॅककॅरिसन आहारावर संशोधन करत होते. डॉ. विल्स यांनी पांढऱ्या उंदरांना मुंबईच्या त्या बायकांसारखंच जेवण घातलं. उंदरांना पंडुरोग झाला, गाभण माद्या तर वितच विण्याआधी मरू लागल्या. मग आहारात यीस्ट, म्हणजे पाव फुगवायला वापरतात ते किण्व, घालून पाहिलं. रोग टळला! पुढे लक्षात आलं, की उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे त्यांना एक संसर्गही झालेला असावा आणि त्यामुळे निष्कर्षात घोळ होऊ शकतो. दुसऱ्या कुणी ते झाकलं असतं. डॉ. विल्स यांनी सगळं पुन्हा केलं, या वेळी माकडांवर. निष्कर्ष तोच आला.

आता बायकांना काय द्यायचं? कलेजीचं औषध लागू पडत होतं, पण ते महाग. गिरणीतल्या मजुराच्या बायकोला ते परवडणार कसं? डॉ. विल्स यांनी स्वस्तातला उपाय शोधला. इंग्लंडमध्ये मार्माइट नावाचा एक काळा, खारट, दाट पदार्थ मिळतो, पावाला लावून खातात. बिअर बनवताना जे यीस्ट उरतं, त्याचा तो अर्क. इंग्लंडात गरिबाघरीही तो असायचा. मुंबईत त्यांनी तो आजारी गरोदर बायकांना देऊन पाहिला. काही दिवसांतच मगज कामाला लागल्याची खूण रक्तात दिसू लागली, नव्या तरुण तांबड्या पेशी भराभर येऊ लागल्या. बायकांना भूक लागू लागली, चेहऱ्यावर रंग आला. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी त्या मद्रासलाही तिथल्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलात काम करत होत्या. पडद्यातल्या बायकांसाठीचं ते इस्पितळ.

मार्माइटमध्ये असं आहे तरी काय, हा प्रश्न त्यांनी पुढेही सोडला नाही. एक गोष्ट त्यांना फार महत्त्वाची वाटली. कलेजीचा साधा, कच्चा अर्क या बायकांना लागू पडे, पण तोच अर्क चांगला शुद्ध करून दिला की गुण येत नसे. त्या जुन्या पंडुरोगाला मात्र शुद्ध अर्क छान चाले. याचा अर्थ, शुद्ध करताना जे बाजूला पडतं, त्यातच या बायकांचं औषध आहे! त्या अनोळखी पदार्थाला लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले.

१९३३ मध्ये त्या लंडनच्या रॉयल फ्रीमध्ये परतल्या. १९३७ च्या ऑक्टोबरात पुन्हा मुंबईला निघाल्या, त्या चक्क विमानानं. पाण्यावर उतरणारं विमान, साउदॅम्प्टनहून कराचीपर्यंत थांबत थांबत पाच दिवसांचा प्रवास. पन्नाशीला आलेली बाई, एकटी! सुमारे दहा आठवडे हाफकिनमध्ये काम करून त्या परत गेल्या.

पुढची गोष्ट दुसऱ्यांनी पुरी केली. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चार टन पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला आणि लॅटिन भाषेतल्या पान या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव दिलं. १९४५ मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बराव. विल्स फॅक्टर तो हाच! परळच्या बायकांपासून निघालेली वाट एका भारतीय माणसाच्या प्रयोगशाळेत मुक्कामाला पोचली. तो जुना पंडुरोग बरा करणारं बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं १९४८ मध्ये. म्हणजे हे दोन रोग वेगळे आहेत हे डॉ. विल्स यांचं म्हणणं शेवटी अक्षरशः खरं ठरलं.

दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच होत्या, इस्पितळाच्या प्रयोगशाळेचं काम पाहत. जुलै १९४४ मध्ये जर्मनांचा उडता बॉम्ब थेट रॉयल फ्रीवर पडला, माणसं गेली. काही दिवसांत काम पुन्हा सुरू झालं. युद्धात इंग्लंडमध्येही सगळं रेशनवर. त्या खाण्यावर गरोदर बायकांचं रक्त कसं राहतं आणि लोह दिल्यानं काय फरक पडतो, हेही त्यांनी तपासलं. त्या इस्पितळातला पहिला रक्तशास्त्र विभाग त्यांनीच उभा केला. १९४७ मध्ये निवृत्त झाल्या, पण बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका, जिथं गेल्या तिथं लोक काय खातात आणि त्यांचं रक्त कसं आहे, हेच बघत राहिल्या. लग्न त्यांनी केलं नाही. कामावर सायकलनं जात, डोंगर चढायची आवड, बडेजावाचा तिटकारा. अखेरच्या दहा वर्षांत त्या लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ ला त्यांचं निधन झालं. नोबेल काही मिळालं नाही. १० मे २०१९ ला गूगलनं पहिल्या पानावर त्यांचं चित्र झळकवलं, तेव्हा कुठे पुष्कळांना त्यांचं नाव कळलं.

त्यांच्या पश्चात या शोधाची आणखी एक बाजू उजेडात आली. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू यांची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं नीट कळतही नाही तेव्हा. त्या वेळी आईच्या अंगात फॉलिक ॲसिड पुरेसं असेल तर या नळीचे जन्मजात दोष पुष्कळ टळतात, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या पुढाकारानं सात देशांत झालेल्या अभ्यासानं सिद्ध झालं. म्हणून तर आता डॉक्टर मूल हवं असं ठरवतानाच ही गोळी सुरू करायला सांगतात.

आपल्या महाराष्ट्राशी संबंधित आणखी एक उपयोग सांगते. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या काही भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. हिमोग्लोबिन हे प्रथिन अमिनो आम्लांच्या माळेसारखं असतं. सिकलसेलमध्ये एका माळेतल्या १४६ मण्यांपैकी फक्त एक मणी बदललेला असतो. १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये इन्ग्राम यांनी तो नेमका शोधून काढला. एवढ्याशा बदलानं तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मरते. मग मगजाला कितीतरी पट वेगानं नव्या पेशी करत राहावं लागतं, फॉलिक ॲसिडचा साठा भराभर संपतो. म्हणून या रुग्णांनाही डॉक्टर हीच गोळी देतात.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्या देशात लोह-फॉलिक गोळ्या वाटायचा कार्यक्रम १९७० पासून आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. गरोदर बायकांमध्ये हे प्रमाण ५२ होतं. वस्त्यांमधून बायकांशी बोलताना मला ही गोळी कुठे कुठे सापडते म्हणून सांगू? फळीवरच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे, मुलांच्या दप्तरात. कुणी म्हणतं मळमळतं, कुणी म्हणतं शौचाला काळं होतं, कुणाच्या सासूनं सांगितलेलं असतं की या गोळ्यांनी बाळ काळं होतं. बाळाच्या रंगाचा आणि गोळीचा काडीमात्र संबंध नाही. शौचाला काळं होतं ते लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, चहाबरोबर मात्र नको, लिंबू-आवळ्याबरोबर घेतली तर लोह चांगलं अंगी लागतं.

एक सावधगिरीही हवी. बी-१२ कमी पडलं तरी पेशी अशाच मोठ्या होतात, आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत ते पुष्कळदा कमी असतं. अशा वेळी नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची हानी आतल्या आत चालू राहते. म्हणून अशक्तपणा हटत नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील तर रक्त तपासून डॉक्टरांना विचारा, मनानं गोळ्या वाढवू नका.

आणि ताटाचं काय? पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, मसूर, शेंगदाणे, संत्री, यांत फॉलिक ॲसिड भरपूर असतं. फार महागाचं यात काही नाही. पण ते उष्णतेनं नष्ट होतं, उकळून पाणी ओतून दिलं तर पाण्याबरोबर जातं. म्हणून पालेभाजी थोडक्यात शिजवा, पाणी टाकू नका, मोड आलेली कडधान्यं खा.

खरी अडचण मात्र कृतीत नाही. भाजी केली जाते, पण ती आधी त्यांना, मग मुलांना, मग सासूबाईंना वाढली जाते, आणि करणारीच्या वाट्याला कढईला पुसून घेतलेली भाकरी येते. डॉ. विल्स यांनी शंभर वर्षांपूर्वी जे नोंदवून ठेवलं, ते हेच की बाईचं दुखणं तिच्या ताटात दिसतं. तेव्हा घरात कुणी पोटुशी असेल, वयात येणारी लेक असेल, नाहीतर तुम्ही स्वतः असाल, तर आज रात्री सगळ्यांबरोबर पान मांडा. भाजीचा पहिला डाव त्यांना वाढता ना, तसाच एक आपल्याही पानात वाढा. आणि जेवण झालं की ती लाल गोळी डब्यातून काढून घ्या!